आरंभकाळचे सोबती : कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर

महाराष्ट्रात यंत्रोद्योगाचा पाया ज्यांनी घातला त्यांत कै. लक्ष्मणराव काशीनाथ किर्लोस्कर यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांच्या कर्तृत्वाचा गौरव आजवर अनेकांनी केला असून २० जून १९६९ रोजी, त्यांच्या जन्मशताब्दीच्या दिवशी, भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीटही काढले. तथापि थोर उद्योजकांची चरित्रे बहुधा त्यांच्या भरभराटीच्या काळावरून मागे पाहत लिहिली जातात. त्यामुळे यश जणू आधीच ठरलेले होते, असा वाचकाचा समज होतो. वस्तुतः वयाच्या चाळिशीत लक्ष्मणरावांच्या हाती कारखान्याची धड जागादेखील उरलेली नव्हती. या लेखात आम्ही मुख्यत्वे त्या काळाविषयी, आणि त्या काळात त्यांच्याजवळ उभ्या राहिलेल्या माणसांविषयी लिहीत आहोत.

हा विषय निवडण्यास कारण आहे. आज आपल्या ज्ञातीतील कितीतरी तरुण-तरुणी बांधलेल्या पगाराची नोकरी सोडून स्वतःचा उद्योग मांडू लागले आहेत. त्यांच्या बोलीत त्यास स्टार्टअप म्हणतात. शब्द नवा असला तरी त्यामागची विवंचना जुनीच आहे. माल घेतो म्हणून न घेणारे गिऱ्हाईक, थकलेली वसुली, जवळ आलेली पगाराची तारीख, घरच्यांची काळजी, आणि या सर्वांविषयी मोकळेपणाने बोलावे असे माणूस जवळ नसणे, हे त्यांचे नित्याचे दुःख आहे. अशा वाचकांना लक्ष्मणरावांचे पूर्वायुष्य परके वाटणार नाही.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. वडील काशीनाथपंत हे वेदान्ताचे व्यासंगी. घराचे वळण विद्येचे. धंदा आणि यंत्र यांचा त्या घराशी काही संबंध नव्हता. मुलाचे मन मात्र शालेय अभ्यासापेक्षा चित्रांत आणि यंत्रांत अधिक रमे. १८८५ साली ते मुंबईस जाऊन सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. दोन वर्षांनंतर असे आढळून आले की, काही रंगांतील भेद त्यांच्या डोळ्यांना नीट उमगत नाही. चित्रकार होण्याची आशा तेथेच संपली. त्यांनी यांत्रिक रेखनाचा अभ्यास मात्र सोडला नाही, आणि त्याच विद्येच्या बळावर व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना अध्यापकाची जागा मिळाली. तेथील कार्यशाळा हीच त्यांची खरी पाठशाळा ठरली.

मुंबईत त्या वेळी सायकल ही नवलाची वस्तू होती. १८८८ साली लक्ष्मणरावांनी वडीलबंधू रामूअण्णा यांच्या साहाय्याने बेळगावात सायकलींचा व्यवहार सुरू केला. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवाव्यात. रामूअण्णांनी त्या बेळगावात विकाव्यात आणि १५ रुपये घेऊन लोकांना चालविण्यास शिकवावे, अशी ही वाटणी होती. किर्लोस्कर बंधू या नावाचा उगम या लहानशा दुकानात आहे. त्या नावातील बंधू हा शब्द केवळ शोभेचा नव्हता, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. एकाच्या मनात कल्पना आली आणि दुसऱ्याने ती हसण्यावारी न नेता तिचा भार आपल्या खांद्यावर घेतला. नव्या उद्योगाला भांडवलाच्याही आधी जे लागते ते हे.

पुढे संस्थेत बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावास आले. तेथे एका लहान कार्यशाळेत त्यांनी प्रथम कडबा कापण्याचे यंत्र आणि मग लोखंडी नांगर तयार करण्यास आरंभ केला.

नांगराची हकीकत आजच्या प्रत्येक नवउद्योजकाने मनन करावी अशी आहे. दख्खनच्या काळ्या जमिनीत हरळी आणि कुंदा यांची मुळे खोल जातात, आणि लाकडी नांगराने ती निघत नाहीत. लोखंडी नांगर त्यांवर उत्तम उपाय होता. परंतु लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. शिवाय पिढ्यानपिढ्या गावच्या सुताराने केलेले औत टाकून अनोळखी कारखानदाराचे महाग औत घ्यावे, याला तसेच कारण लागते. पहिले नांगर खपावयास दोन वर्षे लागली. या दोन वर्षांत कारागिरांचे पगार थांबत नाहीत, कच्च्या मालाची उधारी थांबत नाही, आणि गावातील चर्चाही थांबत नाही. वस्तू चांगली असणे आणि ती लोकांना हवी असणे या दोन गोष्टींमधील अंतर किती दीर्घ असू शकते, हे या दोन वर्षांवरून दिसते.

नांगर खपू लागला, घडी बसू लागली, तोच दुसरे संकट आले. कारखान्याची जागा नव्या वस्तीसाठी हवी म्हणून ती रिकामी करण्याचा हुकूम बेळगावच्या नगरपालिकेने काढला. यंत्रे उचलून न्यावीत तर कोठे, आणि नवी जागा घ्यावी तर पैसा कोठून, असा प्रसंग उभा राहिला.

या वेळी औंधचे अधिपती श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्याशी जडलेला स्नेह उपयोगी पडला. औंध येथे सभागृह उभारण्याचे काम त्यांनी लक्ष्मणरावांकडे सोपविले होते. बाळासाहेब स्वतः चित्रकार व कलांचे भोक्ते होते. लक्ष्मणरावांच्या हातातील गुण त्यांनी कामातून पारखला. कारखान्याची अडचण कळताच त्यांनी आपल्या संस्थानातील कुंडल रोड या रेल्वे स्टेशनाजवळची ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपयांचे बिनव्याजी कर्ज देऊ केले. कऱ्हाडजवळ १९१६ साली निघालेला ओगले बंधूंचा काचकारखानाही याच संस्थानाच्या आश्रयाने वाढला, यावरून ही कृपा एका व्यक्तीपुरती नव्हती हे दिसते. संस्थान लहान होते, उत्पन्न बेताचे होते. परंतु होतकरू माणसास कोणत्या वेळी हात द्यावा याची जाण त्याच्या अधिपतीस होती.

१० मार्च १९१० रोजी त्या माळावर वसाहतीचा आरंभ झाला. निवडुंगाचे रान, सापांचा सुळसुळाट आणि सावलीचा अभाव अशी ती भूमी होती. लक्ष्मणराव सुमारे २५ कामगार आणि त्यांची कुटुंबे यांसह तेथे गेले. त्यांचे चिरंजीव शंतनुराव तेव्हा सातव्या वर्षात होते. कारखान्याचे नाव सांगताना आपण पुरुषांची नावे घेतो. परंतु अशा जागी चूल मांडून लहान मुले वाढविणाऱ्या राधाबाई किर्लोस्कर आणि इतर घरांतील गृहिणी यांचा वाटाही त्या उभारणीत तितकाच आहे.

किर्लोस्करवाडी एकट्याने वसविली नाही. वसाहतीची आखणी आणि व्यवस्था रामूअण्णांनी पाहिली. शंभुराव जांभेकर आणि अनंतराव फळणीकर यांनी यंत्रांची बाजू सांभाळली. यांपैकी फळणीकरांचे शालेय शिक्षणदेखील पुरे झालेले नव्हते. के. के. कुलकर्णी यांनी कारखान्याच्या वतीने बाहेरचे व्यवहार आणि खटपटी केल्या. मंगेशराव रेगे यांनी हिशेब राखले. आणि राखण कोणाकडे? तर पिऱ्या मांग आणि तुकाराम रामोशी या, पूर्वायुष्यात दरोड्यांसाठी शिक्षा भोगलेल्या, दोघांकडे. लक्ष्मणरावांनी त्यांजवर विश्वास टाकला आणि तो त्यांनी सार्थ केला. वसाहतीत अस्पृश्यता पाळावयाची नाही असा दंडक होता. त्या काळी, त्या भागात, हा दंडक घालणे ही साधी गोष्ट नव्हती.

ही नावे आम्ही मुद्दाम एकापुढे एक मांडली आहेत. त्यांत निरनिराळ्या जातींची माणसे आहेत, आणि पदवीधर म्हणून निवडलेला क्वचितच कोणी आहे. लक्ष्मणरावांनी मनुष्य पाहिला तो त्याच्या अंगच्या कामावरून. जे काम ज्याला साधते ते त्याच्याकडे द्यावे आणि मग त्यात ढवळाढवळ करू नये, ही त्यांची रीत होती. आरंभीच्या उद्योगात मालकाला सर्वच कामे स्वतः करावीशी वाटतात, आणि बहुतेक उद्योग तेथेच थकतात. लक्ष्मणराव थकले नाहीत, कारण त्यांच्या भोवती चिंता वाटून घेणारी माणसे होती.

पहिल्या महायुद्धात या सोबतीची कसोटी लागली. परदेशातून येणारा माल अडला. लोखंड, कोळसा, रंग सारेच दुर्मिळ झाले. याउलट बाहेरचे नांगर येईनासे झाल्यामुळे देशी नांगरांना मागणी वाढली. गिऱ्हाईक दारात आणि भट्टीत घालावयास लोखंड नाही, अशी स्थिती झाली. या काळात कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी आपल्या संस्थानातील जुन्या तोफा नांगरांसाठी दिल्याची हकीकत सुप्रसिद्ध आहे. युद्धाच्या साधनांतून शेतीची अवजारे निर्माण झाली, आणि कारखाना तगला.

१९२० साली दोन घटना घडल्या. किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित जबाबदारीची कंपनी म्हणून नोंदली गेली, आणि लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी किर्लोस्कर खबर हे नियतकालिक सुरू केले. कारखान्याची माहिती देण्यासाठी निघालेले हे पत्र पुढे महाराष्ट्राच्या घराघरांत पोचले. शंतनुराव अमेरिकेत यंत्रविद्येचे शिक्षण घेऊन परतले. नांगर आणि चरक यांच्या जोडीस पंप आले, आणि पुढे हरिहर, पुणे व बंगळूर येथेही किर्लोस्करांचे कारखाने उभे राहिले. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे पुणे येथे देहावसान झाले.

या चरित्रातून आपल्या संस्थेने काय घ्यावे? गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आणि गरजूंना शिष्यवृत्ती ही ज्ञातिसंस्थांची जुनी व स्तुत्य कार्ये आहेत. परंतु ज्याने नोकरी सोडून उद्योग मांडला आहे आणि ज्याला अद्याप यश आलेले नाही, त्याला आपल्या समाजात स्थान काय? लग्नसमारंभात त्याची विचारपूस होते ती बहुधा पुन्हा नोकरी केव्हा धरणार एवढ्यापुरती. विवाह जुळविताना त्याच्या उद्योगाचा उल्लेख घरचे लोक हळू आवाजात करतात. यश आल्यावर मात्र त्यास शाल-श्रीफळ देण्यास सर्व पुढे होतात. रामूअण्णांनी सायकली शिकविल्या त्या यशानंतर नव्हेत, आधी. आणि बाळासाहेबांनी जमीन दिली ती कारखाना उठविला जात असता.

म्हणून आमच्या काही साध्या सूचना आहेत. संस्थेच्या सभागृहात महिन्यातून एक सायंकाळ नवउद्योजकांसाठी राखून ठेवावी. तेथे भाषणे नसावीत. प्रत्येकाने आपली त्या महिन्याची अडचण सांगावी आणि इतरांनी आपला अनुभव सांगावा. तेथे बोललेले तेथेच राहावे. आपल्यातील निवृत्त हिशेबनीस, अभियंते व वकील यांनी आळीपाळीने उपस्थित राहावे. ज्ञातिबांधवाचा माल घेताना सवलत किंवा उधारी न मागता पैसे वेळेवर द्यावेत, आणि मालात उणे असल्यास ते गावभर न करता त्यालाच स्पष्ट सांगावे. या बैठकीचे दार अन्य समाजांतील तरुणांनाही मोकळे असावे. एका ज्ञातीच्या माणसांवर किर्लोस्करवाडी उभी राहिली नसती.

यासाठी मोठा निधी लागत नाही. येत्या वार्षिक सभेपुढे कार्यकारी मंडळाने हा विषय ठेवावा, अशी आमची नम्र विनंती आहे.