पेटन राऊस

फ्रान्सिस पेटन राऊस (५ ऑक्टोबर १८७९ – १६ फेब्रुवारी १९७०) हे अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञ होते. कोंबड्यांमधील एक प्रकारचा कर्करोग विषाणूमुळे होतो, हे त्यांनी १९११ साली दाखवून दिले. त्याबद्दलचे नोबेल पारितोषिक त्यांना १९६६ साली, वयाच्या ८७व्या वर्षी, चार्ल्स हगिन्स यांच्यासमवेत विभागून मिळाले. त्यांचे जावई अ‍ॅलन हॉजकिन यांना हा मान तीन वर्षे आधीच लाभला होता.

राऊस यांचा जन्म बाल्टिमोर येथे झाला. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात वैद्यकाचे शिक्षण घेत असताना शवविच्छेदनाच्या वेळी बोटाला इजा होऊन त्यांना क्षयाचा संसर्ग झाला. प्रकृती सुधारण्यासाठी काही काळ त्यांनी टेक्सासमध्ये गुरे राखण्याचे काम केले. १९०९ साली ते न्यूयॉर्क येथील रॉकफेलर संस्थेत रुजू झाले. त्याच वर्षी छातीवर गाठ असलेली प्लिमथ रॉक जातीची एक कोंबडी त्यांच्याकडे आणण्यात आली. त्या गाठीचा अर्क त्यांनी पेशी व जीवाणू अडवणाऱ्या बारीक गाळणीतून गाळला आणि निरोगी कोंबड्यांना टोचला. त्यांनाही तोच मांसार्बुद झाला. उंदरांच्या अर्बुदांत मात्र असे काही आढळेना. बहुतेक तज्ज्ञांनी निष्कर्षाकडे पाठ फिरवली आणि राऊस यांनीही १९१५च्या सुमारास हे काम थांबवले. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांनी रक्त टिकवण्याची पद्धत शोधली. कर्करोगाकडे ते १९३०च्या दशकात, सशांमधील विषाणूजन्य गाठींच्या निमित्ताने, पुन्हा वळले.

पेशीच्या जनुकांतील बदलांमुळे कर्करोग होतो, हे मत राऊस यांना अखेरपर्यंत पटले नाही. त्या मताला बळकटी मिळाली ती मात्र त्यांच्याच विषाणूमुळे. विषाणूतील 'सार्क' हे जनुक मुळात कोंबडीच्या निरोगी पेशीतलेच असल्याचे बिशप व वार्मस यांच्या गटाने १९७६ साली सिद्ध केले. या जनुकापासून तयार होणारे प्रथिन कायनेज प्रकारचे विकर आहे, हे लवकरच कळले. एटीपीमधील फॉस्फेट इतर प्रथिनांना जोडणे हे त्याचे काम. ते अतिसक्रिय झाले, की पेशीची सभोवतालच्या ऊतकावरील पकड सैल होते आणि ती शेजारच्या ऊतकात घुसू लागते. दासाटिनिबसारखी औषधे एटीपीची जागा अडवून हे विकर रोखतात. दासाटिनिबला २००६ साली अमेरिकेत मान्यता मिळाली, ती रक्ताच्या कर्करोगासाठी. तेथे ते मुख्यतः 'एबल' हे दुसरे कायनेज रोखते. घन अर्बुदांचा फैलाव प्रयोगशाळेत या औषधांनी आटोक्यात आला, तरी रुग्णांमध्ये तितके यश आलेले नाही.