शस्त्रवैद्य जोसेफ लिस्टर

१८५१ सालच्या जून महिन्यातील गोष्ट. २७ तारखेची मध्यरात्र उलटून गेली होती. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमध्ये एका जखमी स्त्रीला घाईघाईने आणण्यात आले. नवऱ्याने दारूच्या नशेत तिच्या पोटात सुरी खुपसली होती. जखमेतून जवळजवळ वीतभर आतडे बाहेर आले होते आणि त्या आतड्यालाही सुरी लागली होती.

रात्रीच्या त्या वेळी रुग्णालयाची जबाबदारी एका तरुण हाउस सर्जनवर होती. त्याचे वय होते चोवीस वर्षांचे. डॉक्टरकीची शेवटची परीक्षाही त्याने अजून दिलेली नव्हती. पोटाला हात घालायला त्या काळी भलेभले डॉक्टर कचरत. आतड्याला टाके घालावेत की घालू नयेत, याबद्दलही त्यांच्यात एकमत नव्हते. पण सल्ला विचारत बसायला वेळ कुठे होता? त्या तरुणाने बाईला क्लोरोफॉर्म दिला. बाहेर आलेले आतडे कोमट पाण्याने स्वच्छ केले. बारीक रेशमी धाग्याने ते शिवले. पोटावरची जखम लहान असल्यामुळे आतडे आत जाईना, म्हणून ती थोडी मोठी केली, आतडे जागच्या जागी बसवले आणि जखम बंद केली. ती बाई बरी होऊन घरी गेली. पुढे नवऱ्यावर खटला चालला, तेव्हा या तरुण डॉक्टरने न्यायालयात साक्षही दिली.

या तरुणाचे नाव होते जोसेफ लिस्टर.

आपल्याकडे सरकारी रुग्णालयांत निवासी डॉक्टर असतात. त्या काळच्या हाउस सर्जनचे काम साधारण तसेच होते. मोठे डॉक्टर सकाळी येत, रुग्ण पाहत, शस्त्रक्रिया करत आणि निघून जात. हाउस सर्जन मात्र रुग्णालयातच राहत असे. अपघाताचा रुग्ण रात्री आला तर त्यालाच उठावे लागे. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला ताप कधी चढला, जखमेला वास कधी येऊ लागला, हे तोच पाहत असे. आणि रुग्ण दगावला तर तेही बहुधा त्याच्याच डोळ्यांसमोर घडे.

लिस्टर यांचा जन्म ५ एप्रिल १८२७ रोजी इंग्लंडमधील अप्टन या गावी झाला. त्यांचे घराणे क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे होते. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या जुन्या विद्यापीठांत त्या वेळी अशा पंथाच्या मुलांना पदवी मिळत नसे. म्हणून जोसेफ लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले. तेथे धर्माची अट नव्हती. वडील द्राक्षाच्या मद्याचे व्यापारी होते, पण त्यांचा खरा जीव सूक्ष्मदर्शकात होता. त्यांनी सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांत मोठी सुधारणा केली. त्यामुळे लहानपणापासूनच जोसेफना सूक्ष्मदर्शकातून पाहण्याची सवय लागली. या सवयीचा त्यांना पुढे फार उपयोग झाला.

विद्यार्थी असताना त्यांना देवीचा आजार झाला. मोठा भाऊही वारला. मनाने ते इतके खचले, की १८४८ साली त्यांना काही महिने शिक्षण थांबवावे लागले. परत येऊन त्यांनी वैद्यकीय अभ्यास पुरा केला.

त्या काळचे रुग्णालय कसे होते, याची आज कल्पनाही करवत नाही. शस्त्रक्रिया करताना डॉक्टर जुना कोट घालत. तो रक्ताने आणि पुवाने माखून कडक झालेला असे, आणि कोट जितका मळका तितका डॉक्टर अनुभवी, असे मानले जाई. एका रुग्णाला वापरलेली हत्यारे नुसती पुसून दुसऱ्याला वापरत. जखमेत पू होणे ही तर बरे होण्याची खूण समजली जाई. १८४६ साली ईथरचा शोध उपयोगात आला. रुग्णाला बेशुद्ध करून शस्त्रक्रिया करता येऊ लागली आणि तिच्या वेदना संपल्या. पण मृत्यू संपले नाहीत. शस्त्रक्रिया उत्तम होई, रुग्ण दोन-चार दिवस बरा दिसे, मग जखम कुजू लागे आणि रुग्ण जाई. मोठे डॉक्टर म्हणत, रुग्णालयाची हवाच दूषित आहे. त्याला काय करणार?

लिस्टर हाउस सर्जन असतानाच त्यांच्या वॉर्डात गँगरीनची साथ आली. जखमा झपाट्याने सडू लागल्या. लिस्टर यांनी रुग्णांना क्लोरोफॉर्म देऊन सडलेला भाग खरवडून काढला आणि जखमेवर पाऱ्याचे जहाल औषध लावले. बहुतेकांच्या जखमा भरून आल्या. येथे लिस्टर यांच्या मनात शंका आली. रोग हवेतूनच येत असेल, तर जखम साफ करून औषध लावल्याने तो बरा का व्हावा? रोगाचे मूळ जखमेतच असले पाहिजे. त्यांनी सडलेल्या भागाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि जे दिसले त्याचे चित्र काढून ठेवले. ते नेमके काय आहे, हे त्यांना तेव्हा सांगता आले नाही.

१८५३ साली ते स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे जेम्स साइम या नामवंत शस्त्रवैद्यांकडे गेले. जायचे होते महिनाभरासाठी. राहिले सात वर्षे. उच्च पदवी मिळालेली असूनही त्यांनी साइम यांच्याकडे पुन्हा हाउस सर्जनचे पद घेतले. पदवीधराने खालचे पद घ्यावे, हे अनेकांना चमत्कारिक वाटले असेल. पण रात्रीबेरात्री येणारे जखमी रुग्ण हीच लिस्टर यांची खरी शाळा होती. १८५६ साली साइम यांची मुलगी ॲग्नेस हिच्याशी त्यांचा विवाह झाला. पंथाबाहेर लग्न करायचे म्हणून त्यांनी क्वेकर पंथ सोडला. ॲग्नेस पुढे आयुष्यभर त्यांच्या प्रयोगांच्या नोंदी लिहीत असे.

१८६० साली लिस्टर ग्लासगोला प्राध्यापक झाले. ग्लासगो म्हणजे कारखान्यांचे शहर. यंत्रात हात सापडलेले, गाडीखाली पाय गेलेले कामगार रोज रुग्णालयात येत. हाड मोडून कातडीबाहेर आले असेल, तर पाय कापण्यावाचून डॉक्टरांना बहुधा दुसरा उपाय दिसत नसे. लिस्टर यांनी १८६४ ते १८६६ या काळात हातपाय कापण्याच्या ३५ शस्त्रक्रिया केल्या. त्यांतले १६ रुग्ण मरण पावले. आता ते प्राध्यापक होते, तरी हाउस सर्जन असताना पडलेला प्रश्न अजून तसाच होता.

१८६५ साली रसायनशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी त्यांना फ्रान्सच्या लुई पाश्चर यांचे संशोधन वाचायला सांगितले. दूध किंवा मद्य नासते ते आपोआप नाही, तर डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे, असे पाश्चर यांनी दाखवले होते. लिस्टर यांना वाटले, जखमही अशीच नासत असेल. मग हे जीव मारायचे कसे? जखम काही दुधासारखी उकळता येत नाही. कार्लाइल गावात सांडपाण्याची घाण घालवण्यासाठी कार्बोलिक ॲसिड वापरतात, हे त्यांच्या वाचनात आले होते. तेच त्यांनी वापरायचे ठरवले.

पहिला प्रयत्न फसला. मग १२ ऑगस्ट १८६५ रोजी अकरा वर्षांच्या एका मुलाला रुग्णालयात आणले. गाडीचे चाक त्याच्या पायावरून गेले होते. हाड मोडले होते आणि जखम उघडी होती. लिस्टर यांच्या सांगण्यावरून त्यांच्या हाउस सर्जनने कार्बोलिक ॲसिडमध्ये भिजवलेले कापड जखमेवर ठेवले. चार दिवस कोणी पट्टी सोडली नाही. एरवी चौथ्या दिवशी अशा जखमेचा वास दुरूनच येत असे. पट्टी सोडली, तेव्हा कुजका वास नव्हता आणि पूही नव्हता. ॲसिडने कातडी मात्र थोडी लाल झाली होती, म्हणून पुढे त्यांनी औषध सौम्य केले. सहा आठवड्यांत हाड जुळले. पाय कापावा लागला नाही.

पुढे ते हात, हत्यारे, पट्ट्या सारे कार्बोलिकच्या पाण्याने धुऊ लागले. १८६७ ते १८६९ या काळात हातपाय कापण्याच्या ४० शस्त्रक्रियांपैकी फक्त ६ रुग्ण दगावले.

तरीही पुष्कळ डॉक्टरांनी हे मानले नाही. न दिसणाऱ्या जीवांवर विश्वास कसा ठेवायचा, असे ते विचारत. एक गोष्ट येथे सांगायला हवी. व्हिएन्नाच्या रुग्णालयात सेमेलवाइस या डॉक्टरांनी १८४७ सालीच हात धुण्याचा नियम केला होता आणि बाळंतिणींचे मृत्यू कमी करून दाखवले होते. त्यांचे कोणी ऐकले नाही. लिस्टर अधिक भाग्यवान ठरले, कारण पाश्चर यांचे संशोधन त्यांच्या पाठीशी होते. शिवाय चूक दिसली की ती सोडून देण्याची त्यांची तयारी होती. खोलीतील हवा शुद्ध व्हावी म्हणून ते शस्त्रक्रियेच्या वेळी कार्बोलिकचा फवारा उडवत. सगळ्यांना त्याचा त्रास होई. हवेतील जंतूंपेक्षा हातांवरचे आणि हत्यारांवरचे जंतू अधिक घातक आहेत, हे पटल्यावर १८९० साली त्यांनी फवारा जाहीरपणे सोडून दिला.

१८७७ साली ते लंडनला परतले आणि किंग्ज कॉलेजमध्ये शिकवू लागले. हळूहळू विरोध मावळला. १८९२ साली पॅरिसमध्ये पाश्चर यांचा सत्तरावा वाढदिवस साजरा झाला, तेव्हा लिस्टर मुद्दाम तेथे गेले होते. भर सभेत दोघांनी एकमेकांना मिठी मारली. पुढच्याच वर्षी इटलीत प्रवासात असताना ॲग्नेस यांचे निधन झाले. त्यानंतर लिस्टर यांचे कामातून मन उडाले. १८९७ साली त्यांना लॉर्ड ही पदवी मिळाली, पण तो आनंद वाटून घ्यायला ॲग्नेस नव्हत्या.

१० फेब्रुवारी १९१२ रोजी वॉल्मर येथे त्यांचे निधन झाले. थोर पुरुषांचे दफन वेस्टमिन्स्टर ॲबीत करण्याची इंग्लंडमध्ये प्रथा आहे. लिस्टर यांच्यासाठी तेथे प्रार्थना झाली, परंतु दफन मात्र त्यांच्या इच्छेप्रमाणे लंडनमधील वेस्ट हॅम्पस्टेडच्या साध्या दफनभूमीत, पत्नीच्या शेजारी करण्यात आले.