रुडॉल्फ डिझेल आणि शेंगदाण्याचे तेल

जळगावहून भुसावळकडे जाताना वाटेत नशिराबाद लागते. येथील महामार्गावर रात्रंदिवस ट्रक धावत असतात. ट्रक असो, ट्रॅक्टर असो की विहिरीवरचे पाणी उपसणारे इंजिन असो, ते ज्या तेलावर चालते त्याला आपण डिझेल म्हणतो. डिझेल हे मुळात एका माणसाचे नाव आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असते. खरे सांगायचे तर शिक्षक होईपर्यंत मलाही ते माहीत नव्हते.

रुडॉल्फ डिझेलचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिस शहरात झाला. आईवडील जर्मन होते. वडील चामड्याच्या वस्तू बनवीत. घरची परिस्थिती बेताचीच होती. घरात जर्मन आणि रस्त्यावर फ्रेंच, अशा दोन भाषांत हा मुलगा वाढला. घरी एक भाषा आणि बाहेर दुसरी, हा अनुभव तुम्हांला नवा नाही. पॅरिसमध्ये यंत्रांचे एक मोठे संग्रहालय होते. तेथे ठेवलेली वाफेवर चालणारी जुनी गाडी पाहण्यात छोटा रुडॉल्फ रमून जाई.

१८७० मध्ये फ्रान्स आणि जर्मन राज्ये यांच्यात युद्ध पेटले. पॅरिसमधील जर्मन कुटुंबांना शहर सोडावे लागले. डिझेल कुटुंब लंडनला गेले. पण तेथे पोट भरणे कठीण झाले. तेव्हा आईवडिलांनी बारा वर्षांच्या रुडॉल्फला जर्मनीतील आउग्सबुर्ग शहरी नातेवाइकांकडे पाठवले. हा लांबचा प्रवास त्याने एकट्याने केला. ज्यांच्याकडे तो राहिला, ते गणिताचे शिक्षक होते. त्यांच्या घरी राहून रुडॉल्फ मन लावून शिकला आणि आपण इंजिनियर व्हायचे, असे त्याने लहान वयातच ठरवून टाकले. त्याने लवकर कमाईला लागावे, अशी आईवडिलांची इच्छा होती. परंतु त्याने शिष्यवृत्ती मिळवली आणि म्यूनिकच्या तंत्रशिक्षण संस्थेत प्रवेश घेतला.

तेथे कार्ल फॉन लिंडे नावाचे प्राध्यापक होते. वाफेचे इंजिन इंधन किती वाया घालवते, हे ते वर्गात समजावून सांगत. शंभर किलो कोळसा जाळला तर जेमतेम दहा किलो कोळशाइतके काम मिळते. बाकीची उष्णता धुराबरोबर आणि वाफेबरोबर निघून जाते. ही गोष्ट रुडॉल्फच्या मनाला लागली. ही उधळपट्टी थांबवणारे इंजिन आपण बनवायचे, असा ध्यास त्याने घेतला. १८७९ मध्ये ऐन परीक्षेच्या वेळी त्याला विषमज्वर झाला आणि परीक्षा हुकली. पुढच्या परीक्षेची वाट पाहत तो हातावर हात ठेवून बसला नाही. स्वित्झर्लंडमधील एका कारखान्यात त्याने कामगारासारखे हात काळे केले. जानेवारी १८८० मध्ये तो उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाला.

यानंतर डिझेल यांनी लिंडे यांच्या बर्फ बनवण्याच्या यंत्रांचे काम पॅरिसमध्ये सांभाळले. दिवसा बर्फाचे काम आणि उरलेल्या वेळात इंजिनाचा विचार, असे दहा वर्षे चालले. अमोनियाच्या वाफेवर इंजिन चालवण्याचा त्यांचा प्रयत्न फसला. मग त्यांना निराळी कल्पना सुचली.

सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे खालचे टोक गरम होते, हे तुम्ही हाताने अनुभवले असेल. हवा दाबली की ती तापते. तीच हवा कितीतरी पटीने अधिक दाबली आणि तिच्यात तेलाचा बारीक फवारा सोडला, तर तेल आपोआप पेट घेईल. ठिणगी नको, काडी नको. हीच ती कल्पना. या कल्पनेचे पेटंट डिझेल यांना १८९३ मध्ये मिळाले आणि आउग्सबुर्गच्या यंत्र कारखान्यात इंजिन बनू लागले.

१० ऑगस्ट १८९३ रोजी पहिली चाचणी झाली. इंजिनात स्फोट झाला, दाब मोजणारे उपकरण फुटून उडाले, पण इंजिन चालले नाही. तेल पेटते एवढे मात्र सिद्ध झाले. १७ फेब्रुवारी १८९४ रोजी इंजिन आपल्या बळावर सुमारे एक मिनिट फिरले. त्या एका मिनिटानंतर आणखी तीन वर्षे खटपट करावी लागली. कधी फवारा नीट पडेना, कधी दट्ट्या अडके, कधी धूर निघे. अखेर फेब्रुवारी १८९७ मध्ये एका प्राध्यापकांनी रीतसर चाचणी घेतली. इंधनातील उष्णतेपैकी २६ टक्क्यांहून अधिक उष्णता कामी आली होती. वाफेच्या इंजिनापेक्षा हे दुपटीहून जास्त होते. त्या वेळचे हे इंजिन आजही म्यूनिकच्या संग्रहालयात आहे.

विणकर, सुतार, लोहार यांच्या छोट्या कारखान्यांत चालेल असे स्वस्त इंजिन मिळाले, तर मोठ्या गिरण्यांपुढे त्यांचा निभाव लागेल, असे डिझेल यांना वाटे. प्रत्यक्षात पहिले इंजिन तीन मीटर उंच झाले! ते मोठमोठ्या कारखान्यांत गेले, पुढे जहाजांत आणि पाणबुड्यांत गेले. विणकराच्या दारी पोहोचायला त्याला फार वेळ लागला.

आता शेंगदाण्याची गोष्ट. १९०० मध्ये पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरले. तेथे एक लहान डिझेल इंजिन भुईमुगाच्या शेंगांच्या, म्हणजे घरी आपण जिला मूंगफली म्हणतो तिच्या, तेलावर चालवून दाखवण्यात आले. फ्रेंच सरकारची तशी इच्छा होती. आफ्रिकेतील फ्रेंच वसाहतींत भुईमूग भरपूर पिके. तेथेच तेल काढून तेथेच इंजिने चालवता येतील, असा त्यामागे हिशेब होता. इंजिन इतके सुरळीत चालले की, त्यात वेगळे तेल आहे हे फार थोड्यांच्या लक्षात आले. डिझेल यांनी नंतर स्वतः असे प्रयोग केले. वनस्पतींच्या तेलाला आज महत्त्व नसले तरी पुढे ते येऊ शकेल, असे त्यांनी १९१२ मध्ये लिहून ठेवले. खनिज तेल स्वस्त असल्याने तेव्हा कोणी तिकडे लक्ष दिले नाही.

आपल्या देशात १० ऑगस्टला जैवइंधन दिन पाळतात. १८९३ मध्ये त्या दिवशी इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालले, असे पुष्कळ ठिकाणी छापलेले आढळते. ते बरोबर नाही. त्या दिवशी काय झाले ते वर आलेच आहे. परीक्षेत कोणी विचारले तर १९०० हेच साल लिहा.

इंजिनाने डिझेल यांना कीर्ती दिली, पैसाही दिला. पण पेटंटवरून वाद झाले, डोकेदुखीने त्यांना ग्रासले आणि जमिनीच्या व तेलविहिरींच्या व्यवहारांत पैसा बुडाला. २९ सप्टेंबर १९१३ च्या संध्याकाळी ते बेल्जियममधून ड्रेस्डेन नावाच्या बोटीने इंग्लंडला निघाले. जेवण करून ते आपल्या खोलीकडे गेले. सकाळी पाहतात तो बिछाना तसाच होता. काही दिवसांनी समुद्रात एक मृतदेह मिळाला. त्याच्या खिशातील वस्तू त्यांच्या मुलाने ओळखल्या. ते समुद्रात कसे पडले, याचा उलगडा कधीच झाला नाही. त्यांचे वय ५५ वर्षांचे होते.

डिझेल यांच्या वेळी दाबलेल्या हवेच्या जोराने तेल आत फेकले जाई. त्यासाठी वेगळे अवजड यंत्र लागे. १९२७ मध्ये जर्मनीतील रॉबर्ट बॉश यांच्या कंपनीने तेल फेकणारा छोटा पंप मोठ्या प्रमाणावर बनवायला सुरुवात केली आणि इंजिन लहान झाले. असाच पंप विहिरीवरच्या इंजिनावर असतो. त्याचा दट्ट्या इतका घट्ट बसवलेला असतो की, मधली फट केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी असते. एवढ्याशा फटीत कचऱ्याचा कणही चालत नाही. म्हणून पंपाच्या आधी फिल्टर, म्हणजे गाळणी, बसवलेली असते.

आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने थंडीच्या दिवसांत घाण्याचे उरलेले तेल इंजिनात घातले. थोडा वेळ इंजिन चालले, मग धापा टाकत बंद पडले. मिस्त्री चाचा आले. त्यांनी डिझेल यांचे नाव ऐकलेले नव्हते, पण दुखणे चटकन ओळखले. शेंगदाण्याचे तेल डिझेलपेक्षा दहापट किंवा त्याहून अधिक दाट असते. थंडीत ते बाटलीत कसे गढूळ होते, ते आपण पाहतोच. त्यात पेंडीचे कण आणि चिकट गाळ असेल तर फिल्टर बंद होणारच.

चाचांनी टाकीचा कॉक बंद केला. पान्याने नट सैल करून फिल्टरची वाटी उतरवली. तळाशी तपकिरी, मधासारखा गाळ साचला होता. तो त्यांनी पुसून काढला. आतली गाळणी जुन्या पद्धतीची, कापडाची होती. ती त्यांनी स्वच्छ डिझेलमध्ये तीनदा धुतली. पाण्याचा थेंबही त्यांनी जवळ येऊ दिला नाही, कारण पाण्याने पंप गंजतो. कागदाची गाळणी असती तर ती धुता आली नसती, बदलावीच लागली असती. मग वायसर नीट बसवून त्यांनी वाटी घट्ट केली.

यापुढे तेल दोनदा कापडातून गाळून घ्यायचे, इंजिन डिझेलवर सुरू करायचे, ते तापल्यावरच तेलाचा कॉक उघडायचा आणि बंद करण्यापूर्वी पुन्हा थोडा वेळ डिझेलवर चालवायचे, म्हणजे पाइपमध्ये दाट तेल गोठून राहणार नाही, असे त्यांनी बजावले. नव्या ट्रकच्या किंवा मोटारीच्या इंजिनात असले तेल कधीही घालू नये, हेही सांगितले.

वाटी उघडल्यामुळे आत हवा शिरली होती. चाचांनी वरचा स्क्रू थोडा सैल केला. आधी बुडबुडे आले, मग फेस, मग सलग धार. स्क्रू घट्ट करून त्यांनी हँडल फिरवले. चौथ्या फेऱ्याला इंजिनाने आवाज दिला आणि विहिरीचे पाणी पाटात पडू लागले.