प्राचार्य वामन शिवराम आपटे

वामन शिवराम आपटे (1858–1892) हे नाव आपण संस्कृत कोशावर वाचतो. महाविद्यालय चालवणारे आपटे मात्र फारसे कोणाला ठाऊक नाहीत. सावंतवाडी परिसरात जन्मलेले, बालपणीच आईवडिलांना पारखे झालेले आपटे शिष्यवृत्तीच्या बळावर शिकले आणि पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये रुजू झाले. 1884 मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी व 1885 च्या आरंभी फर्ग्युसन महाविद्यालय स्थापन झाले. प्राचार्यपद आपट्यांकडे आले, तेव्हा त्यांनी तिशीही गाठली नव्हती.

त्यांची अडचण वेगळीच होती. टिळक, आगरकर यांच्यासारखे प्राध्यापक त्यांचे नोकर नव्हते. ते संस्थेचे आजीव सदस्य, म्हणजे अल्प वेतनावर संस्थेला वाहून घेतलेले आणि कारभारात बरोबरीचे मत असलेले सहकारी होते. अशांना केवळ आज्ञा करून भागत नाही. वेतन वाढवावे का, आजीव सदस्याने बाहेरचे काम करून मिळकत करावी का, यांवरून मतभेद विकोपाला गेले. आगरकर वाढीच्या बाजूचे, टिळक विरोधातले. अखेर 1890 मध्ये टिळकांनी संस्था सोडली. यात दोष माणसांपेक्षा व्यवस्थेचा अधिक, असे मला वाटते. त्यागाचा अर्थ प्रत्येकाने आपापल्या परीने लावला होता.

त्याच वर्षी आपट्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला. म्हणजे महाविद्यालयाबाहेरच्या कामाचा प्रश्न खुद्द प्राचार्यांनाही चुकला नव्हता! पुढे दोनच वर्षांनी, चौतिसाव्या वर्षी, ते निवर्तले. त्यांच्या जागी आगरकर आले. तेही 1895 मध्ये प्राचार्यपदी असतानाच वारले.