तोफेचा नांगर

उरला औद्योगिक क्षेत्रातील भट्ट्यांची धग आपल्या शाळेला परकी नाही. अनेक माजी विद्यार्थी आणि पालक तेथे पाळीवर जातात. भंगार व स्पंज आयर्न वितळवून पोलाद घडवणे हा त्यांचा नित्याचा व्यवहार आहे. विज्ञानाच्या पुस्तकात पदार्थाचे अवस्थांतर म्हणून काही ओळींत आटोपणारा विषय त्यांच्या घरी पोटापाण्याचा आहे. ज्यांचे अवघे आयुष्य लोखंडाच्या वितळण्या-गोठण्याशी जोडले गेले, त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चरित्र या स्मरणिकेसाठी निवडले ते म्हणूनच.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. मुलाचा ओढा मात्र चित्रांकडे आणि यंत्रांकडे. वडिलांच्या मनाविरुद्ध, थोरले बंधू रामूअण्णा यांच्या आधाराने, ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथे आपल्याला काही रंगांतील भेद कळत नाही, हे त्यांच्या ध्यानी आले. चित्रकार होऊ पाहणाऱ्या तरुणावर याहून मोठा आघात कोणता? त्यांनी रंग सोडले, रेषा सोडली नाही. यंत्ररेखाटन शिकून ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. बढती डावलली गेली तेव्हा नोकरी सोडून बेळगावला परतले. तेथे भावाबरोबर सायकलींचा व्यवसाय होताच. त्याला जोडून कडबा कापण्याची यंत्रे आली, आणि मग बिडाचा नांगर.

बिडाचा नांगर ओतायचा म्हणजे काय, हे थोडे विस्ताराने सांगायला हवे. शुद्ध लोखंड १५३८ अंश सेल्सिअसला वितळते. त्यात चार टक्क्यांच्या आसपास कार्बन असला की ते सुमारे ११५० अंशांवरच पातळ होते. हेच बीड. वितळणे सुरू झाले की, घन भाग शिल्लक असेपर्यंत, भट्टी कितीही फुंकली तरी तापमान फारसे चढत नाही. दिलेली उष्णता कणांची घट्ट बांधणी सोडवण्यात खर्ची पडते. तिला अप्रकट उष्णता म्हणतात. गंमत अशी की, वितळबिंदूवर आलेले एक किलो लोखंड द्रव करायला जेवढी उष्णता लागते, त्याहून अधिक उष्णता शून्य अंशावरचा एक किलो बर्फ वितळवायला लागते! ओतकामाची खरी कसोटी पुढे, गोठताना असते. झटकन निवलेले बीड पांढरे, कठीण आणि ठिसूळ होते. सावकाश निवलेले करडे आणि तुलनेने मऊ. फाळाला झीज सोसणारा कठीणपणा तर हवाच, पण दगडावर आपटून तो तुटणेही परवडत नाही. शिवाय साच्याच्या वाळूत ओल जास्त राहिली की पाण्याची वाफ होते. वाफेला पाण्याच्या सोळाशेपटींहून अधिक जागा लागते. ती बाहेर पडू शकली नाही तर ओतीव भागात पोकळ्या राहून माल वाया जातो. आपल्या भट्टीवाल्या पालकांना ओल्या भंगाराचे एवढे भय का, ते याच हिशेबावरून कळावे. तेथे माल नव्हे, माणूस जातो.

लक्ष्मणरावांना ओतकाम साधले, पण पहिले चाळीस नांगर जवळजवळ दोन वर्षे पडून राहिले. लोखंडाने जमिनीला विष चढते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. तिला मी अडाणीपणा म्हणणार नाही. एका हंगामाची चूक ज्याला वर्षभर उपाशी ठेवते, तो नव्या अवजारापुढे सावध राहणारच. हळूहळू खोल नांगरटीचा गुण दिसू लागला आणि गिऱ्हाईक आले. तोच शहरवाढीसाठी कारखान्याची जागा सोडण्याची पाळी आली. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी मदतीला धावले, आणि १९१० मध्ये कुंडल रोड स्थानकाजवळच्या निवडुंगाने व सापांनी भरलेल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहू लागली.

तेथे जमलेली माणसे पाहिली की शिक्षिका म्हणून मी थबकते. शंभूराव जांभेकरांचे शिक्षण अर्धवट सुटलेले, अनंतराव फळणीकर परीक्षांत मागे पडलेले. पुढे दोघेही कसबी यंत्रज्ञ म्हणून नावाजले. रात्रीची राखण तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग या एके काळच्या दरोडेखोरांकडे होती. आमच्या निकालपत्रकांत अशा गुणांना रकाना नसतो.

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले आणि कारखान्याला लोखंड व कोळसा मिळेनासा झाला. भट्टी विझली तर वाडीतील घरोघरच्या चुली विझणार होत्या. तेव्हा कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांनी संस्थानातील जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर ओतले गेले, ही हकीगत किर्लोस्करवाडीच्या इतिहासात आवर्जून सांगितली जाते. घनाला स्वतःचा आकार असतो, द्रवाला तो नसतो, हे वर्गात आम्ही पाण्याचा पेला दाखवून शिकवतो. तेथे तोफेचा आकार भट्टीत संपला. जळून वा मळीत गेलेला थोडा अंश वगळता लोखंड तेवढेच राहिले, आणि साच्यात गोठले ते नांगर होऊन.

१९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी स्थापन झाली. चरक, शेंगा फोडण्याची यंत्रे आणि पाण्याचे पंप किर्लोस्करवाडीहून गावोगाव गेले. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार त्याआधीच्या वर्षी झाला होता, पण तेथील पहिल्या झोतभट्टीतून लोखंड वाहू लागले ते १९५९ मध्ये. ते पाहण्याचा योग लक्ष्मणरावांना आला नाही.