सुदाम्याचा आशावाद

श्रीपाद कृष्ण कोल्हटकर हे नाव आज बहुतेकांना ठाऊक असते ते महाराष्ट्रगीताचे कर्ते म्हणून. ज्या लेखकाने आपल्या प्रांताचा असा मुक्तकंठाने गौरव केला, त्यानेच त्या प्रांतातील पांढरपेशा समाजाच्या आत्मसंतुष्टपणाची यथेच्छ टवाळी केली, हे मात्र विस्मृतीत गेले आहे.

२९ जून १८७१ रोजी नागपुरात जन्मलेले कोल्हटकर अकोल्यास शिकले, पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पदवीधर झाले आणि १८९७ मध्ये एल्‌एल्. बी. होऊन वऱ्हाडात वकिली करू लागले. त्यांचा पहिला विनोदी लेख ‘साक्षीदार’ १९०२ मध्ये ‘विविधज्ञानविस्तारा’त आला, हे त्यांच्या व्यवसायाला साजेसेच म्हटले पाहिजे. पुढे या लेखांचे ‘सुदाम्याचे पोहे’ झाले.

या पोह्यांची खरी खुबी निवेदकात आहे. सुदामा आणि त्याचे स्नेही बंडूनाना व पांडुतात्या रूढींवर टीका करीत नाहीत. ते त्यांचे मनोभावे समर्थन करतात. सण, व्रते, लग्नसोहळे, जे जे पूर्वापार चालत आले ते ते उत्तमच, अशी त्यांची श्रद्धा. परंतु समर्थनाचा प्रत्येक मुद्दा असा बिनतोड हास्यास्पद, की वाचकाच्या देखत रूढीचा डोलारा कोसळतो. येथे व्होल्तेअरची आठवण होणे अपरिहार्य आहे. १७५५ मध्ये लिस्बन शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले. जगात जे घडते ते भल्यासाठीच, या तत्कालीन तत्त्वज्ञानाचे व्होल्तेअरने १७५९ मध्ये ‘कांदीद’ लिहून हसे केले. त्यातील पांग्लोस हा गुरू वाटेल ते हाल सोसतो, पण सिद्धांत सोडीत नाही. आमचा सुदामा त्याचा भाऊबंद शोभतो.

हे साम्य फार ताणता येत नाही, आणि अर्थशास्त्राच्या अध्यापकास ते कोठे तुटते हे चटकन दिसते. १८९९-१९०० च्या दुष्काळाने वऱ्हाड होरपळून निघाला होता. त्यानंतर दोनच वर्षांनी, त्याच वऱ्हाडात सुदामा जन्मला. व्होल्तेअरने लिस्बनचा ढिगारा कथेत आणला. कोल्हटकरांच्या विनोदाचे क्षेत्र मात्र मुख्यतः माजघर, ओसरी आणि सभामंडप हेच राहिले. खामगावसारख्या कापसाच्या पेठेत वकिली करणाऱ्या या तीक्ष्ण निरीक्षकाने सावकार आणि कुळ यांच्या व्यवहारावर आपली लेखणी चालविली असती तर? महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ मध्येच लिहून ठेवला होता. कोल्हटकर हसले ते स्वतःच्या जातीवर आणि वर्गावर. यात धैर्य होतेच, शिवाय दुसऱ्याच्या दुःखाची थट्टा न करण्याचा विवेकही होता. पण त्या वर्गाची चूल कोणाच्या श्रमावर पेटते, हा प्रश्न ओसरीवरच थबकला.

माणूस मात्र केवळ विनोदी नव्हे. ‘भारतीय ज्योतिर्गणित’ हा ग्रंथ १९१३ मध्ये लिहिणाऱ्या या गणितज्ञाला आकडेमोडीची शिस्त होती, आणि सुदाम्याच्या उलट्या तर्कशास्त्रामागे ती जाणवते. गडकऱ्यांनी त्यांना गुरू मानले. १९२७ मध्ये पुण्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. १ जून १९३४ रोजी ते निवर्तले. त्यांची कोटिबाजी आज थोडी जड वाटते, क्वचित कंटाळाही आणते. पण प्राचीनांना सारेच शोध अवगत होते, असे छातीठोकपणे सांगणारे बंडूनाना अजूनही सभांतून भेटतात, आणि त्यांना टाळ्याही मिळतात.