चांदबिबी

मेहरूणहून कॉलेजात येणाऱ्या मुलीला पहिल्याच वर्षी हमखास विचारतात : तुला घरून शिकू देतात? मराठी एवढे चांगले कसे बोलतेस? विचारणाऱ्यांचा तरी काय दोष! सिनेमात आणि बातम्यांत त्यांनी पाहिलेली मुसलमान मुलगी एक तर रडते, नाही तर शेर ऐकून लाजते. बुरखा दिसला की आतली मुलगी मुकी, हे ठरलेलेच. म्हणून चांदबिबीची हकीकत.

अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) हुसेन निजामशहाची ही मुलगी. विजापूरच्या अली आदिलशहाशी तिचे लग्न लागले ते राजकारणाची सोय म्हणून. फारसी, अरबीबरोबर मराठी व कानडीही तिला येत असे, असे सांगतात. १५८० मध्ये नवऱ्याचा खून झाला. गादीवर नऊ वर्षांचा पुतण्या इब्राहीम, म्हणून कारभार हिच्याकडे आला. सरदारांना ते खुपले. किश्वरखानाने तिला साताऱ्याच्या किल्ल्यात कैदेत टाकले. सुटली, आणि पुन्हा कारभार पाहू लागली.

पुढे ती माहेरी आली, तर तिथे गादीसाठी चार तट पडलेले. त्यातल्या एकाने मोगलांनाच बोलावले! १५९५ च्या डिसेंबरात शहाजादा मुरादने नगरच्या किल्ल्याला वेढा घातला. सुरुंग उडाला, तटाला मोठे खिंडार पडले, लोक पळू लागले. तेव्हा चांदबिबी नंगी तलवार घेऊन खिंडारात उभी राहिली. रातोरात तट पुन्हा उभारला गेला. त्या वेळी तिच्या तोंडावर बुरखा होता. वर्गातल्या वादात हे मी दोनदा सांगितले आहे.

चित्रकार तलवारीपाशीच थांबतात. मला तिचा तह मोठा वाटतो. १५९६ मध्ये वऱ्हाड देऊन तिने नगर राखले. दुसऱ्या वर्षी सोनपेठच्या लढाईत आपल्या खानदेशचा राजा अलीखान मोगलांकडून लढताना पडला. १६०० मध्ये मोगल पुन्हा आले. किल्ला टिकणार नाही हे ओळखून तिने बोलणी करायचे ठरवले. लगेच बाई फितूर झाल्याची आवई उठली. चौकशी कुणी केली नाही. तिच्याच लोकांनी महालात घुसून तिला ठार केले. ऑगस्टमध्ये किल्ला पडला.

नगरजवळच्या डोंगरावर सहलीच्या मुलांना ‘चांदबिबी महाल’ दाखवतात. तो महाल नव्हे. सरदार सलाबतखानाची कबर आहे.